सुपरचार्जरच्या गाडीत पेट्रोलची नळी गळते तेव्हा

घोडबंदर रोडने गायमुखचा घाट चढताना पेट्रोलचा वास येतो. घरी येऊन बॉनेट उघडावं तर सगळं कोरडं. गाडी जागेवर रेस करून पाहिली तरी टिपूस नाही. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा ब्लोअर, असलेल्या गाडीत हा प्रकार नेहमीचा, कारण घाटात नळीवर जो दाब येतो तो पार्किंगमध्ये येतच नाही.

हिशेब असा. सिलिंडरच्या पोर्टमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या बऱ्याच इंजिनांत मूळ दाब ३ बार, म्हणजे ४३.५ पीएसआय असतो. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम असतो, म्हणून रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह) तो दाब ३५च्या आसपास उतरवतो. सुपरचार्जरने ८ पीएसआय बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, दिला की इंजेक्टरच्या तोंडाशी तेवढाच उलटा रेटा येतो आणि तो भरून काढायला रेग्युलेटर पेट्रोलचा दाब ५१.५वर नेतो. बाहेरून बसवलेल्या जुन्या किटमध्ये एफएमयू नावाचा रेग्युलेटर असेल तर १ पीएसआय बूस्टमागे पेट्रोलचा दाब ८ ते १२ पीएसआयने चढतो. पूर्ण बूस्टला ८० ते १०० पीएसआय सहज होतात. जागेवर रेस केल्याने बूस्ट होत नाही, कारण इंजिनावर भार नसताना बायपास व्हॉल्व्ह उघडाच असतो. तेव्हा गळती शोधायची ती बूस्टच्या दाबाला. आयडलला कोरडी दिसणारी नळी चांगली आहे असं धरून चालू नका.

नुकसान दोन बाजूंनी होतं. एक उघड आहे, आग. ताशी २५५ लिटरचा पंप बसवलेला असेल तर निसटलेल्या नळीतून मिनिटाला चार लिटर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडू शकतं. दुसरं लक्षात येत नाही: दाब पडला की ऐन बूस्टमध्ये मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन नॉक करतं, म्हणजे मिश्रण अवेळी भडकतं, आणि पिस्टन जातो. म्हणून वासाची खात्री झाल्यावर गाडी ‘हळूहळू गॅरेजपर्यंत’ न्यायची नाही. फ्लॅटबेड बोलवा.

आधी गाडी कोणत्या जातीची ते पाहा

मर्सिडीजच्या ‘कॉम्प्रेसर’ बिल्ल्याच्या सी-क्लाससारख्या गाड्यांत बहुतेक वेळा एकच, कमी दाबाचं सर्किट असतं. ऑडीचं ३.० टीएफएसआय किंवा जॅग्वार-लँड रोव्हरची अलीकडची सुपरचार्ज्ड इंजिनं मात्र डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी आहेत. तिथे टाकीपासून इंजिनावरच्या पंपापर्यंत काही बारचा दाब आणि त्यापुढे रेलपर्यंत (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपपर्यंत) शंभर बारच्याही वर. या दुसऱ्या भागातले स्टीलचे पाइप दुरुस्त करायचे नसतात, कापायचे नसतात, क्लिप लावून जोडायचे तर मुळीच नसतात. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते. ते काम कंपनीचे नवे पाइप आणि टॉर्क पाना घेऊन करणाऱ्याचं. इथून पुढे जे आहे ते फक्त कमी दाबाच्या बाजूबद्दल.

जागा

सोसायटीचं बेसमेंट आणि पोडियमखालचं पार्किंग या कामाला बाद. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, उतारावरून घरंगळत लिफ्टच्या खड्ड्यात किंवा पाण्याच्या पंपाच्या खोलीत जाऊन बसते. पंपाचा स्विच आपोआप पडला की ठिणगी झालीच. आणि पेट्रोलला पेटायला उन्हाळा लागत नाही, उणे ४० अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते. मोकळी, वारा खेळणारी, सावलीची जागा हवी. पावसाळ्यात तीन बाजूंनी उघडी शेड चालते. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे एमआयडीसीत अशा गाळ्यांचे बरेच गॅरेजवाले आहेत, पण शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालू नाही ना, ते आधी पाहून या.

जवळ निदान ४ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा आणि ते वाऱ्याच्या बाजूला, गाडीपासून दोन-तीन पावलांवर ठेवा. गाडीच्या पुढ्यात ठेवलं तर ऐन वेळी ज्वाळेतून हात घालावा लागेल. पेट्रोलच्या आगीवर पाणी नाही. उजेडाला डोक्याला बांधायची एलईडी बॅटरी घ्या, काचेचा बल्ब असलेला दिवा नको. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा. इंजिन तीन-चार तास थंड होऊ द्या. ब्लोअरचं अ‍ॅल्युमिनियमचं घर बाकीच्या इंजिनापेक्षा उशिरा निवतं.

गळती नेमकी कुठे

थेंब जिथे लटकतो तिथेच भेग असेल असं नाही. पेट्रोल नळीच्या पोटाखालून सरकत सर्वांत खालच्या वळणापर्यंत जातं आणि तिथे टपकतं. म्हणून आधी सगळ्या नळ्या फडक्याने कोरड्या पुसा, मग टिश्यू पेपर प्रत्येक जोडाला गुंडाळून दाबा. पाणी की पेट्रोल असा संशय पावसाळ्यात हमखास येतो: कागदावरचा पेट्रोलचा डाग बघता बघता उडून जातो, पाण्याचा राहतो. जुनी, झिरपणारी गळती असेल तर धुळीने माखलेल्या इंजिनावर एकच ओघळ धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. तो खालून वर बघत जा.

आता बूस्टचा दाब उभा करायचा. इंजिन बंद. (नुसत्या डोळ्यांनी ओल दिसत असेल तर ही चाचणी करू नका, थेट दुरुस्तीला लागा.) रेलवर किंवा नळीत पेट्रोलचा दाबमापक जोडा. रेग्युलेटरच्या डोक्यावर मॅनिफोल्डकडून येणारी बारीक नळी असते. ती मॅनिफोल्डच्या टोकाशी काढून तिला हाताने चालवायचा प्रेशर पंप जोडा. साधा सायकलचा पंपही चालतो, फक्त त्याच्यावरच्या गेजवर विसंबू नका, १६० पीएसआयचा काटा ८ पीएसआयला काहीही दाखवतो. पेट्रोलचा पंप स्कॅनरने किंवा रिलेच्या जागी फ्यूज आणि स्विच असलेली लांब वायर लावून चालू करा. मग हवा हळूहळू भरा आणि नजर पेट्रोलच्या दाबमापकावर ठेवा: साध्या रेग्युलेटरवर तुमच्या गाडीचा बूस्ट ८ असेल तर पेट्रोलचा दाब बरोबर ८ने वाढायला हवा. तिथे थांबा. एफएमयू असेल तर काटा उडी मारत चढतो, दोन-तीन झटक्यांतच मर्यादा गाठली जाते. दाब दीड-दोन मिनिटं धरा आणि टिश्यू घेऊन सगळीकडे फिरा. त्याहून जास्त नको. एखादा इंजेक्टर गळका असेल तर तेवढ्यात सिलिंडरमध्ये पेट्रोल साचतं.

भरलेली हवा आपोआप उतरत असेल आणि त्या बारीक नळीला पेट्रोलचा वास असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. नळी बदलून काही होणार नाही.

ज्या गाड्यांत रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) नाही आणि दाब टाकीतल्या पंपाचा वेग बदलून सांभाळला जातो, तिथे ही हवेची युक्ती चालत नाही. स्कॅनरमधून पंप पूर्ण वेगाने चालवून बघावं लागतं.

कुठे कुठे बघायचं? सगळ्यांत आधी क्लिपच्या खाली. साध्या वर्म-ड्राइव्ह क्लिपच्या पट्टीला आरपार खाचा असतात. स्क्रू आवळत गेलं की रबर त्या खाचांतून वर येतं आणि कडा रबराला कापतात. क्लिप सैल करून मागे सरकवली की नळीवर जाळीसारखा ठसा दिसतो आणि त्यात केसाएवढी चीर. ‘गळतंय म्हणून आणखी आवळलं’ हेच अर्ध्या गळत्यांचं मूळ आहे. त्यानंतर ब्लोअरच्या मागच्या बाजूचं वळण. व्ही इंजिनात सुपरचार्जर मधल्या दरीत बसतो, त्याच्या मागे हवा खेळत नाही आणि तिथलं रबर शिजून टणक होतं. नख रुततं का पाहा, नळी दुमडून बाहेरच्या बाजूला बारीक भेगा उघडतात का पाहा. उष्णतेसाठी चांदीच्या रंगाचं वेष्टण चढवलं असेल तर ते सरकवून आतली नळी बघा, गळती ते छान लपवतं. शेवटी मागचा फिल्टर आणि टाकीजवळचे जोड. तिकडे कोणी वाकून बघत नाही.

खाडीलगतच्या भागात आणखी दोन गोष्टी. दमट, खारट हवेने क्लिपचा स्क्रू गंजतो आणि पट्टी ढिली पडते. आणि उंदीर. नाल्याकाठच्या सोसायट्यांत गाडी चार-पाच दिवस उभी राहिली तरी पुरतं; दोन समांतर दातांच्या खुणा दिसल्या की दुसरं कारण शोधू नका, पण आसपासची वायरिंगही तपासा.

कोणती नळी आणायची

नळीवर काय छापलंय ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘एसएई जे३० आर६’ आणि ‘आर७’ या नळ्या कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या, ५० पीएसआयपर्यंतच्या. वरचा हिशेब पुन्हा बघा: ८ पीएसआयच्या साध्या बूस्टलाच ५० ओलांडले जातात. आपल्याला हवी ‘जे३० आर९’, इंजेक्शनसाठीची, १०० पीएसआयची. तिच्या आतला थर फ्लोरो-रबरचा असतो, कापलेल्या टोकाकडे बघितलं तर बाहेरच्या काळ्या रबराहून वेगळा पातळ थर दिसतो. आरपार एकाच काळ्या रबराची, वर मोठ्या अक्षरांत नुसतं ‘फ्यूएल’ लिहिलेली नळी स्कूटरला ठीक. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या तुकड्याला आर९ही चालत नाही, तिथे ‘आर१०’च, आर९चं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडवून ठेवण्यासाठी नसतं. एफएमयूवाल्या गाडीत १००च्या जवळ जात असाल तर आर९च्या टोकावर खेळण्यापेक्षा पीटीएफईची (टेफ्लॉनची) स्टीलची जाळी असलेली नळी आणि एएन फिटिंग (शंकूच्या बसणीचा, नटाने आवळायचा धातूचा जोड) घ्या.

फ्लोरो-रबरचा आग्रह आणखी एका कारणासाठी. भारतात ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल २०२३पासून पंपांवर यायला लागलं. त्याआधीच्या, विशेषतः वीस वर्षं जुन्या आयात गाड्यांतलं साधं नायट्राइल रबर इथेनॉलने फुगतं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की वाळून तडकतं. रविवारीच बाहेर निघणाऱ्या गाडीला हा त्रास रोजच्या गाडीपेक्षा जास्त.

माप जुन्या नळीचं घेऊ नका, ती फुगलेली असते. धातूच्या नळाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. ५/१६ इंच म्हणजे ७.९ मिमी, ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी; दुकानदार ‘आठ’ आणि ‘दहा’ म्हणतो. ८ मिमीच्या नळावर ‘दहाची’ नळी क्लिपने दाबून बसवली की ती एका बाजूला चुणी धरते आणि त्या चुणीतून पेट्रोल येतं. नळाच्या टोकाला उंचवटा असायलाच हवा. गुळगुळीत कापलेल्या नळावरून नळी बूस्टमध्ये सरळ निसटते.

वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत हायड्रॉलिक होज प्रेस करून देणारी दुकानं आहेत. काम सुबक, दाब हजारो पीएसआयचा, म्हणून मोह होतो. पण जेसीबीची नळी तेलासाठी असते, तिच्या आतलं रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी बनवलेलं नसतं. त्यांच्याकडून करून घ्यायचंच तर आतली नळी पीटीएफईची आहे हे तोंडी नाही, कापलेलं टोक बघून ठरवा: पांढरी किंवा काळी, पण टणक, चकचकीत प्लास्टिकसारखी.

क्लिप इंजेक्शनची घ्या: पट्टी अखंड, कडा बाहेर वळवलेल्या, नटबोल्टने आवळायची. पट्टीवर ‘डब्ल्यू४’ असेल तर स्क्रूसकट सगळं स्टेनलेस. ‘डब्ल्यू२’मध्ये पट्टी स्टेनलेस पण स्क्रू मुलामा दिलेला, आणि नवी मुंबईच्या दोन पावसाळ्यांत तो स्क्रूच आधी गंजतो. प्रत्येक जोडाला एक क्लिप. दोन लावल्याने दुप्पट धरत नाही.

एम-सील, टेफ्लॉन टेप, नळीचा मधला तुकडा कापून पितळेचा जोड घालणं, यांतलं काही नाही. नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड बदलायची.

बदलताना

दाब उतरवा. टाकीचं झाकण उघडा, पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करा आणि ते स्वतः बंद पडू द्या. मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. त्यानंतर बॅटरीचा निगेटिव्ह काढा. हा क्रम उलटा केलात तर दाब तसाच राहतो, आणि गाडी रात्रभर उभी असली तरी तो राहू शकतो. एवढं करूनही पहिला जोड उघडताना भोवती जाड फडकं गुंडाळा. नळीत शंभर-दोनशे मिली पेट्रोल उरलेलंच असतं. खाली पत्र्याचं भांडं ठेवा. ते पेट्रोल गटारात नाही.

जुनी नळी ओढून काढायला जाऊ नका, नळ वाकतो. ब्लेडने नळीवर लांबीच्या दिशेने चीर देऊन सोलून काढा, पण ब्लेड धातूपर्यंत पोचू देऊ नका; उंचवट्यावर पडलेला ओरखडा म्हणजे नव्या नळीला गळायला तयार वाट. नळाचं तोंड स्वच्छ कापडाने पुसा आणि लगेच टोपी घाला.

नवी नळी जुनीपेक्षा ३०-४० मिमी लांब घ्या. गॅस दिला की इंजिन माउंटवर डोलतं आणि ताणलेली नळी प्रत्येक वेळी जोडाला ओढते. कापायला धारदार ब्लेड, काटकोनात, एका दमात. हॅकसॉने रबराचा भुसा पडतो आणि तो थेट इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतो. जाळीची नळी कापायची तर आधी टेप गुंडाळा, त्यावरून पातळ कटऑफ डिस्कने कापा (अर्थात गाडीपासून लांब) आणि आतून हवा मारून साफ करा.

बसवायला आत स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब पुरे, ग्रीस किंवा सिलिकॉन नाही. क्लिप आधी नळीवर ओवून घ्या, हे सगळेच एकदा विसरतात. नळी उंचवट्यापलीकडे निदान २५ मिमी सरकली पाहिजे. क्लिप उंचवट्याच्या मागे, नळीच्या टोकापासून ३ ते ५ मिमी आत. उंचवट्यावरच क्लिप बसली तर आज घट्ट लागते, महिन्याभरात नळी घसरते. आवळायला छोटा पाना आणि मनगटाचा जोर. पट्टीच्या दोन्ही कडांनी रबर किंचित वर आलं की बास.

एएन फिटिंगला नट हाताने शेवटपर्यंत बसवून मग पान्याने षट्कोनाची साधारण एक कड फिरवा, दुसऱ्या पान्याने मागचा भाग धरून. शंकूच्या बसणीवर टेफ्लॉन टेप लावायची नाही. तिथे धातूला धातू बसतो आणि टेपची धुसकटं इंजेक्टरमध्ये जातात. बॅन्जो बोल्ट (ज्याच्या पोकळीतून पेट्रोल जातं तो बोल्ट) असेल तर दोन्ही बाजूंचे वायसर नवे. काड्‌कन बसणाऱ्या क्विक कनेक्टरमध्ये आतली ओ-रिंग बदला आणि बसवल्यावर मागे ओढून बघा. काळ्या कडक नायलॉनच्या पाइपवर रबरी नळी चढवून क्लिप आवळू नका, पाइप चेपतो; त्याला त्याचाच दातेरी जोड लागतो आणि तो थंडच दाबून बसवायचा, लायटरने गरम करून नाही.

नळी फिरवताना बेल्ट आणि पुलीपासून ५० मिमी, एक्झॉस्टपासून १०० मिमी अंतर. ते शक्य नसेल तिथे उष्णतारोधक वेष्टण. वळणाला मुठीएवढी तरी गोलाई. दर ३०-४० सेंमीवर रबर असलेली पी-क्लिप. बाइंडिंग वायर नको, ती कापते.

तपासणी

बॅटरी जोडा, फ्यूज बसवा. चावी फक्त ‘ऑन’ करा, पंप साधारण दोन सेकंद चालून थांबेल. बंद करून पुन्हा ऑन, असं चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी टिश्यू. कोरडं असेल तर वरची हवेची चाचणी पुन्हा करा. जुन्या नळीने ज्या दाबाला दगा दिला त्या दाबाला नवी दोन मिनिटं कोरडी राहिली पाहिजे. मगच इंजिन चालू. दहा मिनिटं चालवून बंद करा, बॉनेट लावून वीस मिनिटं थांबा आणि उघडल्या उघडल्या नाक लावा. बंद इंजिनाची साठलेली उष्णता जोडांना धावत्या गाडीपेक्षा जास्त तापवते.

पहिली फेरी बूस्ट न घेता, घराच्या आसपास. दुसऱ्या फेरीत थोडा चढ घ्या, अग्निशामक गाडीत ठेवा, उतरून बघा. साधारण १०० किमीनंतर, इंजिन थंड असताना, क्लिप तपासा. रबर थोडं बसतं. लागलाच तर जेमतेम पाव फेरा, त्याहून जास्त मागत असेल तर नळीचं माप चुकलंय.

काढलेली नळी फेकण्याआधी उभी चिरून उघडा. भेगा आतून सुरू झाल्या असतील तर पेट्रोलने रबर खाल्लंय आणि त्याच वयाच्या बाकीच्या नळ्याही, रिटर्नची आणि टाकीजवळचीसुद्धा, बदलायच्या आहेत. भेगा फक्त बाहेरून आणि एकाच बाजूला असतील तर ती बाजू उष्णतेकडे होती. नळीचा रस्ता बदला. चीर क्लिपच्या ठशातच असेल तर गाडीतल्या बाकीच्या सगळ्या खाचांच्या क्लिपा काढून टाका.